कीबोर्डचा सातबारा

मराठीत लिहिणाऱ्याच्या कीबोर्डवर एक चांगलं ऐसपैस बटण वर्षानुवर्षं पडीक असतं. डाव्या करंगळीला लागून, शिफ्टच्या डोक्यावर, अगदी मोक्याची जागा, आणि तिथे बसलाय कॅप्स लॉक. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत. इंग्रजीतही हे बटण मुद्दाम दाबलं जातं ते सरकारी फॉर्म भरताना, नाहीतर कुणाशी भांडताना. एरवी ते चुकून दाबलं जातं, पासवर्ड दोनदा-तीनदा नाकारला जातो, आणि मग कुठे आपली नजर त्या मिणमिणत्या दिव्याकडे जाते.

मी ते ताब्यात घेतलं आहे. माझ्या मशीनवर कॅप्स लॉक धरून ‘ब’ दाबलं की ब्राउझर येतो, ‘म’ दाबलं की मेल, ‘ह’ दाबलं की हिशेबाचा तक्ता, ‘ट’ दाबलं की टिपणांची फाइल, ‘क’ दाबलं की कॅल्क्युलेटर. शब्दकोश ‘स’वर आहे, कारण इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कीबोर्ड-मांडणीत ‘श’ आणि ‘स’ एकाच बटणावर राहतात; शिफ्ट धरलं की ‘श’, सोडलं की ‘स’.

इथे ‘ब’ म्हणजे इंग्रजी ‘बी’ नव्हे. इनस्क्रिप्टमध्ये ‘ब’ असतो इंग्रजी ‘वाय’च्या बटणावर, ‘म’ असतो ‘सी’वर, ‘ह’ असतो ‘यू’वर. ‘क’ मात्र योगायोगाने ‘के’वरच. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ही मांडणी प्रमाण ठरवली. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, आणि मराठी, बंगाली, तमिळ, कन्नड अशा सगळ्या लिप्यांना तीच जागा. ज्यांनी ही मांडणी शिकली आहे त्यांना मी काय म्हणते ते बोटांनीच कळेल. बाकीच्यांच्या दृष्टीने माझे शॉर्टकट निव्वळ वेडेपणा आहेत. मेलसाठी ‘सी’ का, ब्राउझरसाठी ‘वाय’ का? माझं मशीन दुसऱ्या कुणी वापरायला घेतलं की पाच मिनिटांत परत देतात. ही सोय मी मागितली नव्हती, पण आवडली.

काम करणारा प्रोग्राम आहे ऑटोहॉटकी. फुकट मिळतो, अगदी छोटा आहे, विंडोजवर चालतो. त्याची जन्मकथा मला फार मराठी वाटते. ऑटोइट नावाचं एक स्वयंचलनाचं साधन होतं. ख्रिस मॅलेट नावाच्या माणसाने सुचवलं की त्यात हॉटकीची, म्हणजे ठरावीक कळा दाबून काम करवून घेण्याची, सोय हवी. प्रतिसाद थंड मिळाला. मग त्याने २००३ मध्ये स्वतःचंच वेगळं साधन काढलं. आपल्याकडे नाट्यमंडळी फुटायची ती याच पद्धतीने.

स्क्रिप्ट म्हणजे ऑटोहॉटकीला द्यायच्या सूचनांची साधी टेक्स्ट फाइल, नोटपॅडमध्ये लिहिता येते. ओळीच्या डावीकडे कळा लिहायच्या, मग शेजारी शेजारी दोन कोलन, मग ‘रन’ हा शब्द आणि अवतरणचिन्हांत प्रोग्रामचं नाव. विंडोजच्या बटणासाठी #, कंट्रोलसाठी ^, ऑल्टसाठी !, शिफ्टसाठी +. एवढं आलं की पहिला शॉर्टकट तयार. वर एक ओळ अशी टाकायची की कॅप्स लॉक कायम बंदच राहील, म्हणजे त्याचं मूळ काम मध्ये मध्ये डोकं काढत नाही. शेवटी त्या फाइलचा एक शॉर्टकट स्टार्टअप फोल्डरमध्ये ठेवायचा, मग मशीन सुरू झालं की स्क्रिप्टही सुरू. नेटवर जुनी उदाहरणं शोधताना एक जपावं लागतं: डिसेंबर २०२२ मध्ये ऑटोहॉटकीची दुसरी आवृत्ती आली आणि तिचं व्याकरण बदललं. पहिल्या आवृत्तीत प्रोग्रामच्या नावाला अवतरणचिन्हं लागत नसत, आता लागतात. नेटवरचा बराच मजकूर जुन्या व्याकरणातला आहे.

मराठीवाल्यांना पहिल्या आवृत्तीत आणखी एक त्रास होता. स्क्रिप्टमध्ये देवनागरी अक्षरं लिहून फाइल यूटीएफ-८ या सांकेतिक पद्धतीत साठवली, आणि तिच्या सुरुवातीला ‘बॉम’ नावाची न दिसणारी खूण नसली, की आतली मराठी कचरा होऊन बाहेर पडायची. ‘नमस्कार’ लिहावं आणि युरोपातल्या कुठल्या कुठल्या टिंबं-टोप्या घातलेल्या अक्षरांची रांग यावी. दुसरी आवृत्ती फाइल यूटीएफ-८ आहे असंच धरून चालते. माझ्यासाठी नव्या आवृत्तीवर जायला हे एकच कारण पुरेसं होतं.

पण नुसतं ‘रन’ लिहून भागत नाही. शॉर्टकट दहा वेळा दाबला की दहा खिडक्या उघडतात. आपल्याला बहुतेक वेळा प्रोग्राम उघडायचा नसतोच. तो उघडलेला असतो, कुठल्या तरी सात खिडक्यांच्या मागे दडलेला असतो, आणि आपल्याला तो समोर हवा असतो. म्हणून स्क्रिप्टला आधी विचारायला लावायचं: या नावाची खिडकी आहे का? असेल तर पुढे आण. नसेल तर प्रोग्राम चालू कर. आणि ती आधीच समोर असेल तर खाली पाठव. या तीन वाक्यांनी बटणाचा स्वभावच बदलतो. मग ते प्रोग्राम ‘चालू करणारं’ बटण राहत नाही. ‘ह’ म्हणजे हिशेब, बस्स. तो कुठे आहे, उघडा आहे की बंद, ही चौकशी स्क्रिप्टची. विंडोज ७ पासून टास्कबारवरच्या प्रोग्रामांना हे आयतं मिळतं: विंडोजचं बटण धरून १ दाबलं की पहिला, २ दाबलं की दुसरा. हे माहीत नसलेले लोक इतके आहेत की ज्याला स्क्रिप्ट नको त्याला मी आधी हेच सांगते. त्यातला अडथळा इतकाच की आकडे लक्षात राहत नाहीत आणि टास्कबारवर एखादं चित्र इकडचं तिकडे झालं की सगळे आकडे सरकतात.

मला सगळ्यात उपयोगी पडतो तो शब्दकोशाचा शॉर्टकट. मजकुरातला शब्द निवडायचा, कॅप्स लॉक आणि ‘स’. स्क्रिप्ट तो शब्द कॉपी करते, शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आहे त्याच्या शोधाच्या पत्त्यात तो बसवते आणि ब्राउझरला देते. जाता जाता क्लिपबोर्डवर आधी जे होतं ते परत जागेवर ठेवते, नाहीतर मघाशी कापलेला परिच्छेद हरवतो. पत्त्यात देवनागरी बसवणं वाटतं तितकं सरळ नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हामागे दोन अंक-अक्षरांनी लिहावा लागतो. म्हणजे ‘आंबेमोहोर’सारखा शब्द पत्त्यात शिरला की त्याची शेपटी पडद्याच्या टोकापर्यंत जाते. ते काम स्क्रिप्टच्या पोटातल्या एका छोट्या फंक्शनकडे दिलं आहे आणि त्याच्याकडे मी पुन्हा पाहिलेलं नाही.

आता या जमिनीच्या मालकीबद्दल. आपण कीबोर्ड विकत घेतो, पण त्यावरच्या बऱ्याच कळांचा सातबारा आधीच दुसऱ्या कुणाच्या नावावर असतो. विंडोजचं बटण १९९४ च्या मायक्रोसॉफ्ट नॅचरल कीबोर्डबरोबर आलं. त्याआधीच्या आयबीएमच्या दणकट मॉडेल एम कीबोर्डवर ते नाहीच. मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलं आहे की विंडोजच्या बटणाचे शॉर्टकट ऑपरेटिंग सिस्टिमसाठी राखीव. प्रोग्रामांनी आपापले शॉर्टकट नोंदवायची सोय आहे, पण तिथे पहिला येईल त्याला जागा. दुसरा प्रोग्राम तीच जोडी मागायला गेला तर त्याला नकार मिळतो. ऑटोहॉटकी या रांगेत उभं राहतं, आणि जिथे नकार मिळेल तिथे मागच्या दाराने जातं: कीबोर्डवरून निघालेली प्रत्येक कळ इतर कुणापर्यंत पोचायच्या आधी वाटेतच बघायची एक यंत्रणा विंडोजमध्ये आहे, ती वापरतं. त्यामुळे राखीव जागांवरही बहुतेक ठिकाणी नांगर फिरवता येतो. विंडोज आणि ‘ई’ दाबल्यावर फाइल एक्सप्लोररऐवजी तुमचं काहीही उघडू शकतं.

कंट्रोल-ऑल्ट-डिलीटला मात्र हात लावता येत नाही. आयबीएममधल्या डेव्हिड ब्रॅडली यांनी पहिल्या पीसीच्या काळात मशीन पुन्हा सुरू करण्यासाठी ती जोडी बसवली. चुकून दाबली जाऊ नये म्हणून बटणं मुद्दाम लांब लांब घेतली. विंडोज एनटीने १९९३ मध्ये ती लॉगिनसाठी उचलली, आणि कारण चांगलं होतं: ही जोडी दाबली की ती थेट ऑपरेटिंग सिस्टिमलाच पोचते, मधल्या कुणालाही अडवता येत नाही, म्हणून समोर आलेली पासवर्डची खिडकी कुणा भामट्याने रंगवलेली नसेल याची खात्री. माझ्या स्क्रिप्टलाही ते दार बंद, आणि ते बंद असलेलंच बरं.

उलट काही नोंदी अशा आहेत की हसावं की रडावं कळत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१९ च्या सुमारास आपल्या काही कीबोर्डांवर ऑफिसचं बटण दिलं. ते आतून कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि विंडोज ही चार बटणं एकदम दाबल्यासारखं वागतं. त्यामुळे तुमच्या कीबोर्डवर ते बटण नसलं तरी चार बोटांनी ही चौकडी धरून ‘डब्ल्यू’ दाबलं की वर्ड येतं, ‘एक्स’ने एक्सेल, आणि ‘एल’ने लिंक्डइन. हो, विंडोजमध्ये लिंक्डइन उघडायचा शॉर्टकट मुळातच बसवलेला आहे. ती कंपनी मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये विकत घेतली, तेव्हा कारण शोधायला लांब जायला नको. हे दाबायला दोन्ही हातांची पाच बोटं कामाला लावावी लागतात, म्हणून चुकून कुणी तिथे पोचत नाही एवढंच.

आपल्या लोकांना खरी अडचण येते ती कंट्रोल आणि ऑल्टच्या जोडीत. नव्याने शॉर्टकट करणारा प्रत्येक जण आधी इथेच येतो, कारण जागा मोकळी दिसते. ती मोकळी नाही. विंडोज उजव्या ऑल्टला, म्हणजे ज्याला ऑल्ट-जीआर म्हणतात त्याला, अनेक मांडण्यांमध्ये कंट्रोल-ऑल्टच समजतं. भारतीय इंग्रजी मांडणीत उजवा ऑल्ट आणि ४ दाबलं की ₹ येतो. आता तुम्ही कंट्रोल-ऑल्ट-४ वर तुमचा कुठला प्रोग्राम बसवलात, तर रुपया गेला. त्या चिन्हाला केंद्र सरकारने २०१० मध्ये मान्यता दिली, पुढे ते कीबोर्डवर आलं, आणि आपणच आपल्या हाताने त्याच्यावर ब्राउझर बसवायचा! बिलं करणाऱ्या माणसाला हे दिवसभर छळतं आणि कारण सापडत नाही, कारण शॉर्टकट सहा महिन्यांपूर्वी केलेला असतो. इनस्क्रिप्टमध्येही उजव्या ऑल्टखाली चिन्हांचा आणखी एक थर आहे, तोही असाच चेपला जातो. कॅप्स लॉकवर माझं प्रेम आहे ते यामुळेही. त्याच्याखाली कुणाचंच काही नाही.

आता वेळ किती वाचतो हा प्रश्न. शॉर्टकटवाले लोक इथे फार बढाया मारतात. ॲपलमध्ये काम केलेल्या ब्रूस टॉग्नाझिनी यांनी १९८९ मध्ये लिहून ठेवलं आहे की लोकांना कीबोर्ड जलद वाटतो, पण घड्याळ लावून मोजलं तर माउस जिंकतो. त्यांचं म्हणणं असं की शॉर्टकट आठवण्यात जे क्षण जातात ते आपल्या लक्षातच येत नाहीत. यावर कीबोर्डवाले आजही चिडतात. मला त्यात तथ्य वाटतं, विशेषतः जे शॉर्टकट महिन्यातून एकदा वापरले जातात त्यांच्याबाबत. अशांची लांबलचक यादी करून भिंतीवर चिकटवणारे लोक मी पाहिले आहेत. यादीकडे बघायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माउस जाऊन परत येईल.

पण सेकंदांचा हिशेब माझ्या कामाला लागूच होत नाही. भाषांतर करताना एक वाक्य अर्धं डोक्यात तोललेलं असतं, क्रियापद अजून यायचं असतं, आणि तेवढ्यात एक शब्द बघायचा असतो. माउसने गेले तर नजर मजकुरावरून उठते. स्टार्ट मेनू उघडतो, त्यात शोधायला दोन अक्षरं टाइप करावीत तर यादीत नेटवरचे निकाल, सुचवण्या, कसली तरी जाहिरातवजा चित्रं. शब्दकोश उघडेपर्यंत क्रियापद गेलेलं असतं. बोटाने गेले तर डोळे जागचे हलत नाहीत. सेकंद सारखेच गेले असतील, मी मोजले नाहीत. वाक्य मात्र हातात राहतं. प्रोग्राम उघडणं ही मुळात नजरेची गोष्ट झाली आहे, आणि आज नजर जिथे जाते तिथे कुणीतरी काहीतरी मांडून बसलेलं असतं. हाताला रस्ता पाठ असला की त्या बाजारातून जावं लागत नाही.

याचा एक दुसरा परिणामही आहे. ज्याला बटण मिळतं ते जास्त उघडलं जातं. हिशेबाचा तक्ता वर्षानुवर्षं एका फोल्डरच्या पोटातल्या फोल्डरमध्ये होता आणि मार्चमध्येच दिसायचा. त्याला ‘ह’ दिला आणि तो रोज भरला जाऊ लागला. माझ्यात शिस्त वाढली असं म्हणायला काही आधार नाही. म्हणून बटणं देताना मी कंजूष आहे. बातम्यांना दिलेलं नाही. ज्यांना दिलंय त्यांच्यातही अधूनमधून छाटणी होते.

साताऱ्याला आईकडे मात्र स्क्रिप्ट नाही. तिथे काही बिघडलं तर दुरुस्तीला मी नाही, म्हणून विंडोजमधला साधा मार्ग घेतला. डेस्कटॉपवरच्या कुठल्याही शॉर्टकटवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये गेलं की ‘शॉर्टकट की’ नावाचा रकाना असतो. तिथे अक्षर दिलं तर विंडोज आपणहून कंट्रोल-ऑल्ट जोडतं, पण एफ-९ सारखं बटण एकटंही चालतं. एफ-९ वर माझा व्हिडिओ कॉल, एफ-१० वर तिचं भजन.

पहिल्या दिवशी फोनवर विचारत होती, “अगं, हे नऊवालं दाबलं की तूच लागतेस ना? की परत त्या बातम्या?”

“मीच लागते गं. दहावालं दाबलंस तर भजन.”

“आणि अकरा?”

अकरावर काही ठेवलेलं नव्हतं; ब्राउझरमध्ये एफ-११ ने खिडकी पडदाभर पसरते आणि ते तिला घाबरवणार हे मला ठाऊक होतं. अकराला हात लावू नकोस, एवढंच सांगितलं. पुढे एकदा दिवाळीच्या साफसफाईच्या झपाट्यात तिने डेस्कटॉपवरचा पसाराही आवरला. सगळी चित्रं एका फोल्डरात. दुसऱ्या दिवशी नऊ बंद, दहा बंद. कारण या रकान्यातले शॉर्टकट चालतात ते फाइल डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेनूत असेल तोवरच. घर इतकं नीट ठेवणाऱ्या बाईला “पसारा होता तसा परत मांड” हे फोनवर समजावणं हा कुठल्याही स्क्रिप्टपेक्षा अवघड प्रकार आहे. आता ती चित्रं स्टार्ट मेनूत आहेत, तिच्या केरसुणीपासून लांब.

ऑफिसच्या मशीनवर यातलं काही करण्याआधी आयटीवाल्यांना विचारलेलं बरं. वाटेत कळा बघण्याची जी यंत्रणा ऑटोहॉटकी वापरतं तीच पासवर्ड चोरणारे प्रोग्रामही वापरतात, त्यामुळे काही अँटिव्हायरस या स्क्रिप्टांकडे संशयाने बघतात आणि मी त्यांना दोष देणार नाही. नेटवरून आयती उचललेली स्क्रिप्ट तर वाचल्याशिवाय चालवूच नये. टेक्स्ट फाइल आहे, वाचता येते. आणि एखादी खिडकी ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने उघडली असेल तर तिच्यासमोर साध्या अधिकाराची स्क्रिप्ट मुकी होते. व्हिस्टापासून विंडोजचा हा नियमच आहे, आपलं काही मोडलेलं नसतं.

लिनक्सवाल्यांचं जग वेगळं आणि काही बाबतींत जास्त सुसंस्कृत. तिथे आयथ्री नावाच्या विंडो मॅनेजरमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये, शॉर्टकट दोन तऱ्हांनी बांधता येतो: बटणावरच्या अक्षराशी किंवा बटणाच्या जागेशी. अक्षराशी बांधला तर मांडणी बदलल्यावर त्याचा अर्थ बदलू शकतो. जागेशी बांधला तर कीबोर्डवर मराठी असो की इंग्रजी, बोट तिथे पडलं की काम होणार. दोन लिप्यांत काम करणाऱ्या माणसाने दुसरीच तऱ्हा घ्यावी. विंडोजच्या मराठी मांडणीत आतले सांकेतिक क्रमांक इंग्रजी बटणांचेच राहतात, त्यामुळे माझ्या स्क्रिप्टमध्ये ‘सी’ लिहिलेलं असतं, मी ‘म’ दाबते, आणि दोघांचंही समाधान होतं.

गेल्या काही वर्षांत या जमिनीवर नवा दावेदार आला आहे. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने कोपायलट या आपल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतनीसाचं बटण जाहीर केलं. नव्या लॅपटॉपांवर ते अनेकदा उजव्या कंट्रोलच्या जागी बसलेलं दिसतं. बाहेरून नवं चिन्ह, आतून काय निघतं ते बघितलं तर गंमत आहे: विंडोज, शिफ्ट आणि एफ-२३. एफ-२३ नावाचं बटण कुठल्या घरगुती कीबोर्डवर तुम्ही पाहिलं आहे? आयबीएमच्या टर्मिनलांच्या मोठ्या, १२२ बटणांच्या कीबोर्डांवर एफ-२४ पर्यंत रांग असायची. बटणं गेली, पण त्यांचे क्रमांक विंडोजमध्ये राहून गेले, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचं हे नवं बटण त्याच जुन्या, ओस पडलेल्या क्रमांकावर बसवलं आहे.

म्हणजे स्क्रिप्टला ते पकडता येतं. # आणि + लिहायचं, पुढे एफ-२३, दोन कोलन. माझ्या नव्या लॅपटॉपवर सध्या तिथे मोल्सवर्थ आहे. जागा उजव्या हाताला जरा अडचणीची पडते, त्यामुळे शब्दकोश बहुधा ‘स’वरच राहील, आणि या बटणावर काय ठेवायचं ते अजून ठरायचंय. आईचं म्हणणं आहे की तिच्याकडे जसा एफ-९ वर माझा कॉल आहे, तसा माझ्याकडे या बटणावर तिचा असावा.